सव्वा इंच

अमेरिकेहून आलेल्या बॅगेतून निघणारी वस्तू आपल्या मापाची असेल अशी अपेक्षाच ठेवू नये. शाम्पूची बाटली तांब्याएवढी, बदामांची पिशवी उशीएवढी, आणि चॉकलेटं इतकी की पुढचे सहा महिने कामाच्या बाईंपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांचे दात किडावेत. गेल्या दिवाळीत आमचे धाकटे भावोजी न्यू जर्सीहून आले, तेव्हा त्यांच्या बॅगेतून मोठ्या भावासाठी एक कोट निघाला. गडद निळा, दोनदाच घातलेला, आतून गुळगुळीत अस्तराचा. गळ्याशी पट्टी होती, "४२ एल".

"एल म्हणजे लार्ज. मला लार्जच लागतो," असं ह्यांनी जाहीर केलं आणि कोट कपाटात गेला.

तो एल लार्जचा नव्हता, लाँगचा होता. तिकडे कोटाचा आकडा छातीचा असतो, इंचांमध्ये, आणि पुढचं अक्षर उंचीचं. एस म्हणजे शॉर्ट, आर म्हणजे रेग्युलर, एल म्हणजे लाँग. आमचे हे पाच फूट पाच इंच. छाती बेचाळीस हे मात्र खरं, त्यातले दोनेक इंच पोटाकडून उसने घेतलेले असले तरी. हा उलगडा आम्हाला झाला तो भाच्याच्या लग्नाला बारा दिवस उरले असताना, कोट अंगात घालून हे आरशासमोर उभे राहिले तेव्हा. खांदे बसले, छाती बसली, बटणसुद्धा श्वास रोखल्यावर लागलं. फक्त हात नव्हते. बाह्या होत्या, त्यांच्या टोकाला बोटांची नखं तेवढी दिसत होती.

"थोडं वर सारून घेईन," हे म्हणाले.

लग्न जळगावला, तेही मे महिन्यात. आणि हे मुलाचे मामा. अंतरपाट धरल्यावर मामा मुलाच्या मागे उभा असतो, म्हणजे लग्नाच्या ज्या फोटोवर पुढे पन्नास वर्षं माना वाकवल्या जातील, त्याच फोटोत हे असणार. तिथे बाह्या वर सारून चालणार नव्हतं.

आम्ही टेलरकडे गेलो. जेंट्स टेलर. दुकानात शिरताच मला माझी जागा कळली, कारण मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कोटाकडेही पाहिलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"लग्नसराई आहे. पंधरा दिवस."

"फक्त बाह्याच आखूड करायच्यात."

"अस्तराचं काम आहे ना, ताई. उघडायला लागतं. पाचशे होतील."

हे बँकेतून निवृत्त झालेत, पण हिशेबातून नाही. घरी येईपर्यंत रिक्षात त्यांनी आकडेमोड केली. सव्वा इंचाचे पाचशे, म्हणजे इंचाला चारशे, म्हणजे मीटरला जवळजवळ पावणेसोळा हजार. "एवढ्यात पैठणी येते," असं म्हणाले, जणू आजवर मीटर मोजून दरसाल पैठण्या घेत आलेत. बाह्या दोन असतात, तेव्हा दर निम्मा झाला, हे मी लक्षात आणून दिलं. पण पंधरा दिवसांचं काय करायचं, ह्यावर दोघांकडेही उत्तर नव्हतं.

"तू शिवतेस की," हे म्हणाले.

मी शिवते. महिला मंडळाच्या वर्गाचं १९८८ सालचं सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. झबली, परकर, फ्रॉक, ब्लाउज, साडीला फॉल, उशांचे अभ्रे. कोट अभ्यासक्रमात नव्हता. बायकांचं शिवण आणि पुरुषांचं शिवण ह्यांच्यात एक भिंत असते, आणि ती समानतेच्या एकाही भाषणात कधी पाडली गेलेली मी ऐकलेली नाही. ब्लाउज घ्या. उलटा केला की सगळं समोर. शिवण दिसते, कापडाच्या कडा दिसतात, आणि कडेला एकाशेजारी एक अशा तीन टिपा दिसतात. पहिली लग्नाच्या वेळची, दुसरी पहिल्या बाळंतपणानंतरची, तिसरी सध्याची. ह्या टिपांसाठी आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला आमच्या शिवणात माया म्हणतात. "बाजूला दोन इंच माया ठेवा हो," असं आपण टेलरला सांगतो, आणि पुढची वीस वर्षं त्या मायेवर जगतो. ब्लाउज काही लपवत नाही. बाईचं वजन किती वाढलं ह्याचा पुरावाच तो पोटात घेऊन हिंडतो.

कोटाचं तसं नाही. कोट उलटा केला तरी सुलटाच दिसतो. बाहेरून कापड, आतून अस्तर, आणि मधे काय घडलंय ते कुणाला कळायची सोय नाही. माया आहे म्हणावं तर दिसत नाही, नाही म्हणावं तर फुगीर लागते. बत्तीस वर्षांच्या संसारात मला ह्याची सवय झालेली असल्यामुळे मी ते काम घेतलं.

आधी माप. बाहीचं माप घ्यायचं तर माणसाने हात सैल सोडून उभं राहायचं असतं, आणि शर्टाची कफ कोटाच्या बाहीखालून अर्धा इंच दिसली पाहिजे. नियम एवढाच. पण हे उभे राहिले की बोलायला लागतात आणि बोलायला लागले की हात वर जातो. हात वर गेला की बाही दोन इंच चढते.

"अहो, हात खाली."

"खालीच आहे. मी काय म्हणतो, नाशिकहून गाडी..." हात वर.

शेवटी दोन्ही हातांत एकेक वाटाण्याची पिशवी दिली. तेव्हा लक्षात आलं की उजवा हात डाव्यापेक्षा तीन सूत लांब आहे. बहुतेक माणसांचे दोन्ही हात सारखे नसतात, शिवणाऱ्याला हे ठाऊक असतं. पण ह्यांना तो व्यक्तिगत आरोप वाटला. "छत्तीस वर्षं सह्या केल्यात उजव्या हाताने," म्हणाले. मी खडूने खुणा केल्या. डावीकडे सव्वा इंच, उजवीकडे सात सूत. आठ सुतांचा इंच हे आता सुतारांना आणि माझ्यासारख्या जुन्या बायकांनाच माहीत असतं.

मग बटणं. कोटाच्या प्रत्येक बाहीवर चार बटणं होती आणि चारांसमोर चार काजं. काजं नुसती दोऱ्याने रेखलेली, बंद. म्हणजे ह्या बटणांनी जन्मात एकदाही कुठल्या काजातून डोकं काढलेलं नाही. आमच्या चिरंजीवांनी फोनमधून डोकं काढून सांगितलं की सैनिकांनी बाहीला नाक पुसू नये म्हणून नेपोलियनने तिथे बटणं लावली. मग थोडं आणखी वाचून म्हणाला, की हीच गोष्ट काही जण प्रशियाच्या फ्रेडरिकच्या नावावर खपवतात. पुरुषांच्या कपड्यातल्या निरुपयोगी वस्तूमागेही लढाई असते हे पाहून बरं वाटलं. आमच्या ब्लाउजच्या मागच्या लटकनांचं कारण कुणी एवढ्या आस्थेने शोधलेलं नाही.

अडचण अशी की खालचं बटण कडेपासून दीड इंचावर होतं. सव्वा इंच आत घेतला की ते कडेवर येऊन लोंबणार. कसलेले टेलर अशा वेळी बाही खालून न कापता वरून, मुंढ्यातून उसवून चढवतात, म्हणे. मुंढ्याला हात लावायची माझी छाती नव्हती. खालचं बटण काढून टाकलं, त्याच्यासमोरचं खोटं काज अर्ध्या ब्लेडने हळूच खरवडलं, आणि चारांची तीन झाली. कुणाला कळलं नाही. खरं तर कुणी कधी मोजतच नाही, तुम्हीसुद्धा मोजलेली नसणार.

ह्यांना त्याचं दुःख नव्हतं. दुःख दुसरंच होतं. "बाहीवरची ती कंपनीची पट्टी कुठाय?" नवीन कोटाच्या बाहीवर बाहेरून चार टाके घालून नावाची पट्टी लावलेली असते. ती दुकानापुरती, घरी आल्यावर काढायची असते. भावोजींनी काढली होती. पण आमच्याकडच्या लग्नांत निम्मे कोट ती पट्टी मिरवत अक्षता टाकतात, आणि ती नसेल तर कोट भाड्याचा वाटतो अशी ह्यांची प्रामाणिक समजूत. उलट खिशांची शिवण उसवायची असते, ती मात्र भावोजींनी तशीच ठेवली होती. दोन लग्नांमध्ये बिचाऱ्यांनी हात कुठे घातले असतील कोण जाणे.

रात्री जेवणं झाल्यावर मी कोट डायनिंग टेबलवर उताणा घातला आणि श्रीखंडाचा डबा घेतला. (आमच्या घरी श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड असण्याची शक्यता फार कमी. सुया, बॉबिनी, हुक, खडूचे तुकडे.) कोट उघडायचा कुठून? बाहीच्या टोकाशी अस्तर आतून पक्कं. खालचा घेर पक्का. मग बोटांनी चाचपत गेले, आणि डाव्या बाहीच्या अस्तरात, कोपराजवळ, एक शिवण वेगळी लागली. बाकी सगळ्या शिवणी आतून होत्या. ही एकच वरून, अगदी कडेवर, साध्या मशीनच्या टिपेने मिटवलेली. वीतभर लांब.

मला उगाचच आनंद झाला, चोराला मागचं दार सापडावं तसा. कारखान्यात कोट शिवताना कापड आणि अस्तर उलट्या बाजूने जोडत नेतात, आणि शेवटी अख्खा कोट एका भोकातून ओढून सुलटा करतात. खांदे, पॅड, कॉलर, खिसे, सगळं त्या वीतभर भोकातून बाहेर येतं. मग ते भोक मिटवतात. एवढा रुबाबदार कोट, वकील घालतात, पंतप्रधान घालतात, आणि जन्मतो तो बाहीच्या अस्तरातल्या फटीतून.

फट उसवली आणि हात आत घातला. आतलं जग पाहून मी दोन मिनिटं गप्पच बसले. बाहेरून जो कोट इतका घडीव दिसत होता, त्याच्या आत कापडाच्या कडांच्या दशा निघालेल्या होत्या, दोन ठिकाणी पांढऱ्या दोऱ्याची कच्ची शिलाई तशीच राहिलेली होती, खांद्याला स्पंजाची भाकरी, टोकाला बकरमची पट्टी. आणि प्रत्येक तुकड्यावर नखाएवढा कागदी शिक्का. पुढच्या पाख्यावर ३८, अस्तरावर ३८, बाहीच्या दोन्ही पाटांवर ३८. एकाच थप्पीतले तुकडे एकत्र यावेत, रंगात फरक पडू नये, म्हणून हे आकडे लावतात. कुणीतरी ते बघून बघून जोडले होते. मग आतल्या खिशाजवळची बारीक पट्टी वाचली. मेड इन इंडिया. म्हणजे हा कोट इथून अमेरिकेला गेला, तिथे दोन लग्नं जेवला, आणि तेवीस किलोंच्या बॅगेतून परत येऊन डोंबिवलीत माझ्या टेबलवर पडला. ज्या बाईने तो मूळचा शिवला, तिला पाचशे रुपयांत असे किती शिवावे लागत असतील ह्याचा हिशेब मात्र ह्यांनी रिक्षात केला नव्हता.

बाहीचं टोक फटीतून बाहेर ओढलं. माया भरपूर होती, दोन इंच. बकरम वर सरकवली, खुणेवर दुमडली, ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली. फडकं नसलं की गडद कापडावर चकाकी येते आणि ती मरेपर्यंत जात नाही. इथवर सगळं सुरळीत.

मग मशीन. माझं मशीन पायाचं, आईने दिलेलं, तेल घातलं की देवघरातल्या घंटेसारखं वाजणारं. गांधीजींचा यंत्रांवर राग होता, पण शिवणयंत्राला त्यांनी सूट दिली होती. १९२४ साली त्यांनी तसं म्हटलं, आणि कारणही मोठं गोड दिलं. सिंगरने बायकोचे शिवणातले कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र केलं म्हणे. आयझॅक सिंगरने १८५१ साली पेटंट घेतलं हे खरं. पण त्या गृहस्थाचे एकाच वेळी अनेक संसार चालू होते आणि मुलं दोन डझन. प्रेमापोटी केलं असेल तर निदान कुणाच्या, हे विचारायला हवं होतं. एवढ्या मुलांचे कपडे शिवायचे तर यंत्र लागणारच.

अस्तराचं टोक आणि बाहीचं टोक, दोन्हींच्या सुलट बाजू एकमेकींना लावून गोल शिवायचं. दोन नळ्या समोरासमोर. कोटाच्या बाहीला दोन शिवणी असतात, एक पुढून, एक कोपराच्या बाजूने, कारण ती हाताच्या बाकाप्रमाणे दोन पाटांत कापलेली असते. शिवणीला शिवण जुळवली, टाचण्या लावल्या, अकरा नंबरची सुई घातली, गोल टीप मारली. अस्तर पाऱ्यासारखं निसटत होतं, पण टीप सरळ आली. फटीतून बाही परत ढकलली. "या, घालून बघा."

ह्यांनी हात घातला. हात गेला. कोपरापर्यंत गेला. मग थांबला.

"पुढे रस्ता नाहीये," हे आतून बोलल्यासारखे म्हणाले.

"ढकला."

"ढकलतोय. काहीतरी पीळ बसतोय हाताला."

शिवणीला शिवण तंतोतंत जुळलेली होती. फक्त मधल्या मधे अस्तराने स्वतःभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली होती. बाही बाहेरून सरळ, आतून चकली. हात बाहेर काढायला चिरंजीवाला बोलवावं लागलं. त्याने एक बाजू धरली, मी दुसरी, आणि हे मधे. खोलीतून आईंचा आवाज आला, "काय चाललंय रे?" आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ऐंशी, एक कान कामाचा.

"कोट काढतोय, आजी."

"एवढ्या उकाड्यात घातला कशाला?"

ह्या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं, जळगावलाही असणार नव्हतं.

उसवलं. पुन्हा जुळवलं. ह्या वेळी पीळ उलट्या बाजूने बसला. पुन्हा उसवलं. अस्तराचा स्वभाव असा की प्रत्येक उसवणीला त्याच्या दशा निघतात, दशा कापल्या की सूतभर जातं. तिसऱ्यांदा बाही बिनपिळाची शिवून झाली तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते, आणि अस्तर अर्धा इंच कमी पडत होतं. अस्तर नेहमी कापडापेक्षा सैल लागतं. हात वाकला की अस्तराला थोडं चालायला जागा हवी, म्हणून टोकाशी त्याची एक छोटी चुणी ठेवतात. माझ्याकडे चुणी तर नव्हतीच, उलट अस्तर बाहीला आत ओढत होतं. कवळी काढून ठेवल्यावर तोंड आत जातं ना, तशी ती बाही दिसत होती.

जोड द्यायला हवा होता. निळं अस्तर रात्री दोनला कुठून आणणार? चिंध्यांची पिशवी उपसली तेव्हा हाताला लागली ती एक राणी रंगाची पट्टी. चांगलं सुती, जुनं, एक धागा न गेलेलं. बाहेर धरून पाहिलं आणि परत ठेवली. परत काढली.

"राणी रंग आहे," मी खोलीच्या दाराशी जाऊन म्हटलं, कुणालाच उद्देशून नाही.

"आतलं कोण बघतंय?" आई अंधारातून म्हणाल्या. झोपलेल्या नव्हत्याच.

दोन इंचांची पट्टी जोडली. चुणी बसली, बाही सुटली, कवळी घातल्यासारखं तोंड भरलं. फट बारीक टिपेने मिटवली. उजव्या बाहीला अक्कल आधीच आलेली असल्यामुळे ती दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटांत झाली, एकदाही उसवावी लागली नाही. ह्यांनी कोट घातला, आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, हात खाली सोडून पाहिला. शर्टाची कफ अर्धा इंच दिसली. "पाचशे वाचले," म्हणाले. ह्यांच्या बोलीत ही शाबासकी असते.

जळगावला त्या दिवशी पारा बेचाळीसवर होता, कोटाच्याच मापाचा. मंगलाष्टकं अकरा झाली, कारण मुलीकडच्या दोन आत्यांनी स्वतः रचलेली आणली होती. हे मुलाच्या मागे ताठ उभे. कपाळावरून घाम, कानामागून घाम, पण कोट बटण लावून, कफ अर्धा इंच. फोटो सुंदर आले आहेत. शेवटची अक्षता पडली, वाजंत्री सुरू झाली, आणि हे गर्दीतून वाट काढत पंख्याखाली आले, जिथे आम्ही दोन्हीकडच्या बायका रांगेत बसलो होतो. कोटाचं बटण सोडलं. उजवी बाही निघाली. डावी घामाने दंडाला चिकटली होती. त्यांनी ती ओढली, जोरात, आणि ती मोज्यासारखी सगळीच्या सगळी उलटी होऊन बाहेर आली. निळं, निळं, निळं, आणि टोकाला दोन इंच झगझगीत राणी रंग.

क्षणभर नुसता पंख्याचा आवाज.

"अगं," आई म्हणाल्या. एका कानाने ऐकणारी माणसं इतरांनाही एकच कान आहे असं समजून बोलतात, म्हणून तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं. "हे तुझ्या शालूच्या ब्लाउजचं अस्तर ना?"

ह्यांनी बाही सुलटी केली, कोट पुन्हा अंगात घातला, बटण लावलं. पंगतीत यजमानांनी दोनदा आग्रह केला, "मामासाहेब, कोट काढा हो, सैल व्हा." हे नको नको म्हणत उजव्या हाताने जेवले. डावा हात शेवटपर्यंत टेबलाखालून वर आला नाही, पापड वाढायला आले तरी.